पिवळ्या हेल्मेटवाला गोरा आणि पायलट ऑफिसर प्रून

दरवर्षी ४ मार्च जवळ आला की एमआयडीसीतल्या फ्लेक्सवाल्यांची चांदी होते. राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो ना. १९६६ साली याच तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल स्थापन झालं, म्हणून हा दिवस, आणि त्याला जोडून अख्खा आठवडा. गेटवर बॅनर, कॅन्टीनमध्ये बॅनर, घोषवाक्य स्पर्धा, हात पुढे करून शपथ, मग सामोसा आणि ग्रुप फोटो. त्या बॅनरवर एक माणूस हमखास असतो, तुम्हीही पाहिला असेल, गोरापान, डोक्यावर पिवळं हेल्मेट, दात टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे आणि अंगठा वर. मी ज्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राखाली पत्रा दाबून पार्ट बनवायच्या खात्यात, नऊ वर्षं काढली तिथेही तो होता. आमच्याकडे वरून डोक्यात काही पडायची भीती जवळपास नव्हतीच, भीती होती बोटं जायची आणि कान बहिरे व्हायची, आणि या बाबाच्या कानात प्लग नाहीत, हातात ग्लोव्हज नाहीत, आणि जो अवयव प्रेसखाली जायचा सगळ्यात जास्त चान्स तोच वर करून हसतोय.

खाली ओळ होती, "सुरक्षितता हीच यशाची गुरुकिल्ली". कुणाची सुरक्षितता, कशापासून, काय केलं की मिळते, काही नाही. ते पोस्टर पेढ्यांच्या दुकानात लावलं असतं तरी चाललं असतं.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे गेले काही महिने मला दुसऱ्या महायुद्धातली सैनिकी ट्रेनिंगची पोस्टर्स आणि मॅन्युअलमधली चित्रं बघायचा नाद लागलाय. सुरुवात नुसतं "वा काय ड्रॉइंग आहे" इथून झाली, पण बघता बघता एक प्रश्न मागे लागला की ऐंशी वर्षांपूर्वी, बॉम्ब पडत असताना, कागदाची टंचाई असताना या लोकांना जे सुचलं ते आपल्याला आज एवढे कॉम्प्युटर आणि प्रिंटर हाताशी असून का सुचत नाही? आणि माझं मत असं झालंय की त्याचा चित्रकलेशी फार संबंध नाहीये. पोस्टर काढणारा माणूस चूक होते तिथे जाऊन उभा राहिला होता का, आणि पोस्टर लावणाऱ्यावर काही जबाबदारी होती का, सगळं या दोन गोष्टींवर येऊन थांबतं.

आधी चित्रांचं सांगतो, कारण ते खरंच भारी आहे.

युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटन-अमेरिकेत भरती झालेली पोरं म्हणजे कालपर्यंत ऑफिसात टायपिंग करणारी, दुकानात माल देणारी, शेतात राबणारी. यांना काही आठवड्यांत टँक, विमान, मशीनगन चालवायला आणि मुख्य म्हणजे दुरुस्त करायला शिकवायचं. कारखान्यात तीच गत, तिथे तर बायका पहिल्यांदाच रिव्हेट गन हातात घेत होत्या. इंजिनिअरिंग ड्रॉइंग यांच्या काय कामाचं? समोरून एक, वरून एक, बाजूने एक असे तीन व्ह्यू डोक्यात जोडून वस्तू उभी करायची, ते वाचायला शिकण्यातच महिने जातात, आयटीआयला ज्याने केलंय त्याला विचारा. म्हणून मग एक्स्प्लोडेड व्ह्यू. कल्पना जुनीच, लिओनार्दोच्या वह्यांतही सापडते, पण घाऊक वापर या काळात झाला. सगळे पार्ट एका न दिसणाऱ्या दोऱ्यात ओवल्यासारखे हवेत लटकलेले, स्प्रिंग मग वॉशर मग पिन, ज्या क्रमाने बसवायचे त्याच क्रमाने, त्यामुळे अक्षर न वाचताही हात बरोबर चालतो. दुसरा प्रकार कटअवे, विमानाचं वरचं पत्र्याचं कातडं चाकूने सोलल्यासारखं काढून आतले पाइप, वायर, टाक्या दाखवायच्या. बाइकचं कार्बोरेटर घरी उघडून परत बसवायच्या नादात ज्याच्याकडे शेवटी एक स्क्रू शिल्लक राहिलाय त्याला या चित्रांची किंमत वेगळी सांगायला नको.

आपल्याकडचीही एक बाजू आहे याला. ब्रिटिशांची भारतीय सेना १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेली होती, आणि शिकवायची भाषा होती रोमन उर्दू, म्हणजे उर्दू, पण एबीसीडीत लिहिलेली. आता विचार करा, साताऱ्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या खेड्यातला पोरगा बेळगावच्या मराठा सेंटरला जातो, घरची भाषा मराठी, शाळेत गेला असेल तर मोडी-बाळबोध थोडीफार, आणि बंदुकीचे पार्ट शिकायच्या आधी त्याला एक परकी भाषा आणि एक परकी लिपी शिकायची. अशा पोरासमोर एक नीट काढलेलं चित्र दहा पानी लेक्चरपेक्षा किती जास्त उपयोगी.

पण मला जास्त गंमत वाटली ती हसवणाऱ्या चित्रांची. रॉयल एअर फोर्सने १९४१ पासून "टी एम" नावाचं ट्रेनिंगचं मासिक काढलं. संपादक अँथनी आर्मस्ट्राँग, चित्रकार बिल हूपर, आणि त्यांनी एक पात्र उभं केलं, पायलट ऑफिसर प्रून. मूर्खपणाचा कळस. जी चूक करता येते ती करणारच, चाकं खाली न करता विमान उतरवणार, पेट्रोल न बघता उडणार. आणि नुसतं कार्टून काढून थांबले नाहीत, खरोखरच्या वैमानिकांनी केलेल्या खरोखरच्या घोडचुकांना त्या मासिकात एक पदक जाहीर व्हायचं, "न निघणाऱ्या बोटाचं" पदक. त्यांच्या बोलीत "बोट काढ" म्हणजे जागा हो, झोपा काढू नको, तर ज्याचं बोट निघतच नाही त्याला हे पदक. वाचणारे सगळे वैमानिक, लिहिणारे त्यांच्यातलेच. आपल्या मेसमध्ये बसून आपल्यातल्याच एकाची खेचावी तसा सूर आहे तो. त्यात "सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की" हे कुठेच नाही.

अमेरिकन नेव्हीत रॉबर्ट ऑसबॉर्न नावाच्या माणसाने असाच एक वेंधळा वैमानिक काढला, डिल्बर्ट. (ऑफिसच्या कार्टूनमधला टाय घातलेला डिल्बर्ट वेगळा, तो फार नंतरचा.) त्याची पोस्टर्स ढिगाने निघाली. आणि इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते, विमान समुद्रात पडून उलटं झालं तर बाहेर कसं पडायचं याचा सराव द्यायला नेव्हीने एक यंत्र बनवलं, कॉकपिट रुळावरून घसरत पूलमध्ये जातं आणि पाण्याखाली उलटं होतं, आत पट्टे बांधून बसलेल्या पोराने स्वतःला सोडवून वर यायचं. त्या यंत्राला लोक डिल्बर्ट डंकरच म्हणायला लागले. म्हणजे भिंतीवर चित्र होतं आणि शेजारी पूलही होता. आमच्याकडे फायर एक्स्टिंग्विशरच्या वर तो कसा वापरायचा याचं झकास चित्र होतं, पण नऊ वर्षांत मला तो एकदाही हातात घेऊन पिन ओढायला दिला नाही, कारण परत भरायचा खर्च येतो.

एब्राम गेम्सचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लंडनच्या व्हाइटचॅपलचा ज्यू पोरगा, बाप फोटोग्राफर, त्याच्याकडूनच एअरब्रश शिकला. १९४० ला साधा शिपाई म्हणून पायदळात गेला, बराकीत राहिला, आणि १९४२ ला अधिकृत युद्ध पोस्टर आर्टिस्ट झाला. शंभरेक पोस्टर्स केली. बेफिकीर बडबडीबद्दलचं त्याचं एक पोस्टर आहे, बोलणाऱ्या सैनिकाच्या तोंडातून आवाजाची वलयं निघतात, ती फिरत फिरत पुढे टोकदार पातं होतात आणि ते पातं त्याच्याच तीन साथीदारांच्या आरपार गेलेलं. बस, संपलं. भाषण नाही, देशभक्ती नाही, तू बोललास की हा मेला एवढंच. दुसरं त्याहून अंगावर येतं, सराव संपल्यावर रानात न फुटलेला दारूगोळा तसाच टाकून जाणाऱ्या सैनिकांसाठी केलेलं, त्यात त्याचा परिणाम एका लहान मुलावर दाखवलाय. कुणी केलं, काय केलं, भोगलं कुणी, सगळं एका नजरेत. हा माणूस बराकीत राहिला नसता तर सैनिक सरावानंतर कसे आळसावून निघून जातात हे त्याला कोण सांगणार होतं?

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. गुप्तरोगाच्या पोस्टर्समध्ये रोग म्हणजे बाई, सापळा म्हणजे बाई, आणि सैनिक बिचारा निष्पाप. अमेरिकन सैन्याच्या मलेरियाच्या पत्रकातली डासीणसुद्धा लाडिक बाईच. जर्मनांच्या टायगर टँकच्या पुस्तिकेत पोरांनी पान उलटावं म्हणून अर्धनग्न मुलगी घातलेली. विशीतल्या पोरांचं लक्ष धरून ठेवायचं होतं हे मान्य, पण त्यात दोष कुणाच्या तरी अंगावर ढकलायची एक सोयही होती, आणि माझा खरा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

कारण प्रून आणि डिल्बर्टवर मनापासून हसून झालं की एक शंका येते. एवढे सगळे वैमानिक एकाच प्रकारची चूक करत असतील तर मूर्ख नेमकं कोण?

१९४३ ला अमेरिकन हवाईदलात अल्फान्स चपॅनिस नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ होता. बी-१७ बॉम्बरचे वैमानिक सुखरूप उतरायचे, विमान धावपट्टीवर चालत असायचं, आणि मग फ्लॅप्स, म्हणजे पंखांना मागे असलेल्या हलत्या पट्ट्या, वर घ्यायच्या ऐवजी चाकंच वर घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. रिपोर्टमध्ये लिहिलं जायचं, वैमानिकाची चूक. चपॅनिसने कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर चाकाचा स्विच आणि फ्लॅपचा स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला जुळे भाऊ. आणि ज्या विमानांत हे दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने चालवायचे त्यात ही चूक होतच नव्हती. त्याने काय केलं, चाकाच्या स्विचला छोटं रबरी चाक चिकटवलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही बोटाला कळणार. तो प्रकार थांबला. पुढे १९४७ ला फिट्स आणि जोन्स या दोघांनी "वैमानिकाची चूक" म्हणून गणले गेलेले ४६० प्रसंग तपासले आणि निघालं हेच, की त्यातल्या कितीतरी चुका माणसाच्या कमी आणि लिव्हर, नॉब, स्विच जसे बसवलेत त्याच्या जास्त होत्या.

हे वाचलं तेव्हा मला आमची सात नंबरची प्रेस आठवली.

त्या प्रेसला दोन हातांची बटणं होती, म्हणजे दोन्ही हात बटणांवर असतील तरच स्ट्रोक पडणार, हात डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, असायचा प्रश्नच नाही. कागदावर उत्तम. पण कधीही जाऊन बघा, डाव्या बटणात पुठ्ठ्याचा तुकडा ठोकलेला, एका हाताने काम चालू. सुपरवायझर ओरडायचा, पुठ्ठा काढायचा, तासाभरात परत आत. एक दिवस एका पोराच्या मधल्या बोटाचं दीड पेर गेलं. रिपोर्टमध्ये लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा, आणि पुढच्या आठवड्यात प्रेसच्या बरोबर वर नवीन फ्लेक्स लागला, तोच अंगठेवाला.

त्या प्रेसवर एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी विचारलं, "मामा, पुठ्ठा का घालता हो सगळे? जीवापेक्षा टार्गेट मोठं का?" ते माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "साहेब, तुम्ही एक ताट मारून बघा." त्यांच्या भाषेत ब्लँक म्हणजे ताट, गोल पत्रा. मी ठेवला, दोन्ही हात बटणांवर नेले, तेवढ्यात तेलामुळे पत्रा दोन सूत सरकला. परत सरळ केला, परत सरकला. नवीन डाय आली तेव्हापासून तिच्यात लोकेटिंग पिनच नव्हती, म्हणजे पत्रा जागेवर अडवून धरणारी पिन, जुन्या डायला होती. म्हणून एका हाताने पत्रा धरायचा आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायचं, त्यासाठी पुठ्ठा. टूलरूमने दोन पिना बसवल्या, अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर पुठ्ठा काढायला कुणाला सांगावं लागलं नाही. मधल्या काळात गेलेलं दीड पेर मात्र गेलंच, आणि रिपोर्ट आजही कुठल्यातरी फाइलमध्ये "निष्काळजीपणा" असाच असणार.

माझं एवढंच म्हणणं आहे की पोस्टर काढायच्या आधी कुणीतरी ते ताट मारून बघायला पाहिजे होतं. मग एकतर खरं पोस्टर निघालं असतं, किंवा पोस्टरची गरजच उरली नसती.

चांगलं चित्र वाईट यंत्रावर पांघरूण घालू शकतं का, याचं सगळ्यात मोठं उदाहरण व्हिएतनामचं आहे. विल आयस्नर, कॉमिक्सच्या जगातलं मोठं नाव, १९४२ ला अमेरिकन सैन्यात गेला आणि गाड्यांच्या देखभालीवर चित्रं काढायला लागला, पुढे जून १९५१ पासून "पीएस" हे देखभालीचं मासिक त्याने वीसेक वर्षं सांभाळलं. नावाचा अर्थ ताजा कलम, म्हणजे ऑफिशियल मॅन्युअलच्या पत्राला जोडलेली पुरवणी. काम अप्रतिम आहे त्याचं, त्यात वादच नाही. तर एम-१६ रायफल व्हिएतनामला गेली तेव्हा सैनिकांमध्ये असा समज पसरलेला की हिला साफ करावं लागत नाही, साफसफाईचं किटही पुरेसं दिलं नव्हतं, चेंबरला, म्हणजे गोळी बसते त्या जागेला, क्रोमचा मुलामा नव्हता, आणि वर गोळीतली दारू बदलली, जी जास्त घाण सोडायची. ऐन लढाईत रायफली अडकल्या, पोरं मेली. सुरुवातीला वरून सूर तोच, पोरं बंदूक साफ ठेवत नाहीत. १९६७ ला अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीने चौकशी करून सैन्यालाच फैलावर घेतलं. आयस्नरची रंगीत कॉमिक पुस्तिका आली १९६८ ला. पुस्तिका चांगलीच आहे, साफ कशी करायची हे तिच्याइतकं सोपं करून सांगणं अवघड. पण किट, क्रोम आणि चौकशीशिवाय ती एकटी १९६६ ला वाटली असती तर काय झालं असतं याचा विचार केला की आमच्या सात नंबरवरचा फ्लेक्स डोळ्यासमोर येतो.

आता कुणी म्हणेल, मग काय पोस्टर्स बंद करायची? नाही हो. त्याचं उत्तर आपल्या ईशान्य सीमेवरच आहे. १९४३ ला बर्मा आघाडीवर जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका माणसामागे आजारी पडून मागे पाठवलेले १२० होते, त्यात मलेरिया सगळ्यात वर. मार्च १९४४ ला सांगशाकच्या डोंगरावर जपान्यांना अडवायला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, ती याच डासांच्या मुलखात. मलेरियावर मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, त्या घ्या म्हणून सांगणंही चालू होतं, पण गोळीने कातडी पिवळी व्हायची आणि पोरांत अफवा की पुरुषत्व जातं, त्यामुळे गोळी तोंडात घ्यायची आणि मागे जाऊन थुंकायची. तिथल्या ब्रिटिश चौदाव्या आर्मीचा प्रमुख जनरल स्लिम, त्याने अचानक तपासण्या सुरू केल्या, अख्ख्या युनिटची, रक्तात गोळी सापडते का बघायचं. ९५ टक्क्यांच्या खाली आलं की शिपायाला शिक्षा नाही, त्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला घरी. तिघांना काढावं लागलं, मग बाकीच्यांना कळलं. पोस्टर भिंतीवर तेच, पण आता ते खरं ठरवायची जबाबदारी साहेबाच्या मानेवर होती.

माझा एक मित्र एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे, त्याच्याशी यावर वाद झाला. तो म्हणाला, "अरे, तिथे युद्ध होतं, हुकूम होता. इथे कॉन्ट्रॅक्टचा पोरगा तीन महिन्यांत निघून जातो, त्याला मी काय शिकवू? आणि पिन बसवा म्हणून मी मेल टाकला तर प्रॉडक्शनवाले मला विचारतात, लाइन तू चालवणार का?" दुसऱ्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तो खरं बोलतोय, त्याच्या हातात फ्लेक्सचं बजेट आहे आणि डायला हात लावायचा अधिकार नाही, आणि हीच तर रड आहे. पण पहिलं वाक्य मला पटत नाही. काही आठवड्यांसाठी आलेला, भाषा न कळणारा, यंत्र कधी न पाहिलेला पोरगा, १९४२ च्या चित्रकारांपुढे नेमका हाच प्रश्न होता! आमच्या शॉपमध्ये बिहारची, ओडिशाची, बीड-नांदेडची पोरं होती. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या (२०२५ ला त्याची जागा नव्या लेबर कोडने घेतली) कलम १०८ मध्ये चक्क लिहिलं होतं की कायद्याच्या गोषवाऱ्याचा बोर्ड इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत हवा. आमच्याकडे तो होता, मराठीत, "परिवलनशील यंत्रभागांस कुंपण" वगैरे, मला स्वतःला ते इंग्रजीतून उलटं समजून घ्यावं लागलं. त्या भाषेपेक्षा रोमन उर्दू परवडली.

म्हणून आठवडा साजरा करायचाच तर माझी मागणी साधी आहे. घोषवाक्य स्पर्धा बंद करा. त्याऐवजी मागच्या वर्षभरात याच शॉपमध्ये जे लागलं, कापलं, थोडक्यात वाचलं ते घ्या, प्रत्येकाचं एक चित्र त्याच प्रेसवर काम करणाऱ्याला काढायला सांगा, वेडंवाकडं चालेल, आणि त्याच चित्राखाली मॅनेजरच्या सहीने एक ओळ, की या मशीनमध्ये आम्ही काय बदललं आणि कुठल्या तारखेला. काही बदललं नसेल तर ती ओळ कोरी राहू दे, सगळ्यांना दिसेल अशी.

असं एक पोस्टर मी पाहिलंय. पिना बसवल्यावर मामांनी जॉब कार्डच्या पाठीमागे बॉलपेनने डाय काढली, दोन पिना काढल्या, एक पिन झिजलेली आणि तिच्याजवळ सरकलेलं ताट, बाण, आणि खाली लिहिलं, "पिन अशी झाली की आधी प्रेस बंद कर, मग मला हाक मार." सेलोटेपने प्रेसच्या अंगावर चिकटवलं. शिफ्ट बदलताना नवीन पोरगा आधी ते बघायचा आणि मग वाकून पिन बघायचा. पुढे कस्टमरचं ऑडिट आलं तेव्हा ते काढून टाकायला लावलं, कारण त्यावर डॉक्युमेंट नंबर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत जागेवर होतं आणि वरच्या कोपऱ्यात मामांनी पेनाने नंबर टाकला होता, सात.